न वाळणारं प्यादं

१

सकाळची संध्या आटोपून भगवंतराव अंगणात येत, तोवर गोदाबाईंनी उखळ धुऊन ठेवलेलं असे. आदल्या दिवशी भिजत घातलेले बाळापुरी कागदाचे तुकडे पिळायचे, त्यात भिजवलेली मेथी आणि बाभळीचा डिंक घालायचा आणि लोण्यासारखा मऊ होईपर्यंत कुटायचं. बायका टोपल्या करतात त्याच रीतीचा लगदा. फरक एवढाच, की यातून राजे आणि वजीर निघायचे होते.

मागणी खुशालरावाची. वलगावचा हा शेतकरी दोन-तीन हंगामांत कापसाचा मोठा दलाल झाला होता आणि अकोल्याच्या कोण्या साहेबाला नजराणा द्यायचं त्याच्या मनात होतं.

"लाकडाचा डाव कोनीबी करून देते, पंडितजी," तो ओट्यावर बसून म्हणाला होता. "मले कागदाचा पायजे. हलका. साहेब विलायतेले नेईन तं पेटीत मावला पायजे. अन् त्यात आपला कापूस दिसला पायजे."

"बुद्धिबळात कापूस?"

"मंग? आता वऱ्हाडात राजा कोन हाय? तिकडं अमेरिकेत गोरे गोऱ्यायसंग लढून राहिले, तिकडचा कापूस थांबला, अन् इकडं आमच्या गावच्या गड्यायनं बैलाच्या शिंगायले चांदी चढवली. हे सारं पटावर दिसू द्या. अन् वजीर माह्यासारका करजा. पोट जरा कमी."

भगवंतराव हसले नाहीत, पण नाहीही म्हणाले नाहीत. पुण्याला न्यायशास्त्र, म्हणजे तर्कविद्या, शिकलेला, पुढं संस्कृत, फारसी आणि इंग्रजीच्या जोरावर जन्मभर कचेरीत भाषांतरं केलेला हा म्हातारा. इतकं शिकून एक खोड मात्र जडली होती. कोणत्याही गोष्टीला दोन बाजू दिसत, दोन्ही खऱ्या वाटत, आणि मग हातून काहीच होत नसे. या वेळी मात्र हातांनाच काम हवं होतं.

गेल्या आषाढात पटकीनं त्यांची रमा गेली. एकुलती एक लेक. लहानपणी लग्न, लहानपणीच वैधव्य, आणि मग माहेरी, बापासमोर पटावर. दुपारभर दोघं खेळत. हरायला आली की ती पदराचं टोक दातात धरायची. तिच्या तेराव्याला गोदाबाईंनी तो जुना लाकडी डाव दान देऊन टाकला. भगवंतरावांनी कारण विचारलं, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या,

"नाहीतर तुम्ही एकटेच दोन्ही बाजूंनी खेळत बसला असता."

२

पांढरी बाजू कापसाची, काळी बाजू मातीची, असं त्यांनी ठरवलं. आधी बोरूनं आकृत्या काढल्या. पांढरा राजा म्हणजे पागोटं घातलेला पेढीवाला. हत्ती म्हणजे दोरांनी आवळलेला कापसाचा बोजा. घोड्याच्या जागी दमणी गाडीचा बैल. काळ्या बाजूला घोंगडी पांघरलेला पाटील राजा, त्याचे नांगर, त्याचे गडी. आणि पांढरी प्यादी म्हणजे कापूस वेचणाऱ्या बाया: डोक्यावरून पदर, पोटाशी कापसानं भरलेली ओटी, पाठ जराशी वाकलेली. बायांना तोंडं करायची नाहीत, नुसता घाट दाखवायचा, हेही ठरलं. एवढ्याशा जागेत डोळे-तोंड कोरलं, की बाहुली होते, प्यादं राहत नाही.

चैत्र निम्मा सरला होता. अमरावतीचं ऊन असं, की अंगणात टाकलेलं धोतर माणूस वळून बघेपर्यंत कडक होई. सुपात मांडलेली डावातली मोहरी दुपारपर्यंत हाडासारखी वाळत. टिचकी मारली की कोरडा टणक आवाज येई.

एक सोडून. बायांमधली एक टिचकीला आवाजच देत नव्हती.

भगवंतरावांनी ती उचलली. गार होती. माठाच्या पोटाला हात लावावा तशी गार, आणि बोटांना ओल लागली. डिंक जास्त झाला असेल, ते मनाशी म्हणाले. दुसऱ्या दिवशी तिला सुपाच्या मधोमध ठेवलं. तिसऱ्या दिवशी पत्र्यावर. शेवटी गोदाबाईंची चूल निवत आली असताना निखाऱ्याजवळ धरली. वाफ निघाली, बरीच निघाली. पण हाताला लागायची ती ओल लागलीच.

"मोडा आणि नव्यानं करा," गोदाबाई म्हणाल्या.

भगवंतरावांनी अंगठा तिच्या पाठीवर टेकवला. जोर दिला की झालं असतं. का कोण जाणे, त्यांनी अंगठा काढून घेतला.

"राहू दे. वाळेल," ते म्हणाले.

३

रंग द्यायचं काम माजघरात चाले. दारं-खिडक्या लावून घेतलेल्या, अंधाराला शेणानं सारवलेल्या जमिनीचा वास, आणि बाहेर सगळं गाव उन्हाला पाठ देऊन झोपलेलं. काळ्या बाजूसाठी काजळ, पांढऱ्यासाठी शंखजिरं. कुंचला बुडवायला जवळ पाण्याचा तांब्या.

त्या दुपारी ते जेवून हात धुऊन आले तर तांब्या रिकामा. त्यांना वाटलं, आपणच भरायचा विसरलो. भरला. जरा लवंडून उठले, तर पुन्हा रिकामा. तळाला थेंबही नाही, पुसून घ्यावा तसा.

मागच्या दारी मैनाबाई शेणी लावत होती. तिला विचारलं.

"म्या कायले घरात येऊ, महाराज? माहे हात पाहा शेनाचे," ती म्हणाली. मग तिनं आत डोकावून तांब्याकडे पाहिलं. "कावळा असन. या उन्हात त्यालेबी जीव हाय."

"दारं बंद होती."

"मंग उंदीर."

"उंदीर तांब्याभर पाणी पितो?"

"मले काय पुसता? तुमी शिकेल मानूस." पदरानं कपाळ पुसून ती पुन्हा शेणींकडे वळली.

गोदाबाई दाराशी उभ्या राहून ऐकत होत्या. त्या तांब्या उचलून आत गेल्या, भरून आणला आणि होता त्याच जागी ठेवला.

"तहान लागली असेल," त्या म्हणाल्या.

"कोणाला?"

त्या स्वयंपाकघरात निघून गेल्या. त्यांच्या घरात त्या आषाढापासून तहान हा शब्द कोणी उच्चारत नसे. पटकीच्या रोग्याला पाण्याचा थेंब द्यायचा नाही, असं वैद्यानं बजावलं होतं, आणि कचेरीतल्या डॉक्टरानंही त्याला मान डोलावली होती. रमा दिवसभर पाणी मागत होती. आधी शब्दांनी, मग खुणेनं, मग नुसत्या डोळ्यांनी. तिची नजर माठावर खिळलेली बघवेना म्हणून तो दोघांनी मिळून दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवला. औषध लागू पडावं, एवढाच दोघांचा ध्यास होता. शेवटी पळीनं गंगोदक ओठांत घातलं, ते तसंच गालावरून बाहेर आलं. गिळायला ती उरली नव्हती.

भगवंतराव त्या भरल्या तांब्याकडे पाहत बसले. ते पाहत होते तोवर पाणी हललं नाही.

४

मोहरी रंगवून झाली. पट अंथरून त्यांनी डाव मांडला. प्रमाण बघायचं, राजा वजिरापेक्षा बुटका तर वाटत नाही, हे बघायचं. सगळं ठीक होतं. ओलं प्यादं त्यांनी त्याच्या घरात ठेवलं आणि खाली टीपकागदासारखी एक चिंधी घातली. कुंचल्याचा तांब्या पटापलीकडे, काळ्या बाजूला होता.

दुसऱ्या दुपारी प्यादं एक घर पुढं होतं. चिंधी मागंच राहिली होती.

माणूस चालताना धक्का लागतो. जमीन सारवलेली, पट जरा उताराचा. धूर दिसला की अग्नीचं अनुमान करायचं, पण आधी तो धूर आहे का धुकं, हे तपासावं, असं ते शिकले होते. त्यांनी प्यादं मागं ठेवलं, पटाखाली घडी घालून उतार काढला. शेजारचं एखादं तरी प्यादं हलतं का, यावर लक्ष ठेवलं.

शेजारचं एकही हललं नाही. ते एकटं मात्र रोज एक घर चालत होतं. सरळ. आपल्याकडच्या खेळात प्यादं एका वेळी एकच घर जातं, ते तसंच जात होतं. भगवंतराव समोर बसले असले तर नाही. डोळा लागला, कुणी हाक मारली, एवढंच त्याला पुरे. आणि ज्या घरात ते उभं असे, त्या घराच्या कापडावर ओला गोल डाग राही.

मग त्यांना आपलीच शंका आली. वय झालं आहे. मीच झोपेत उठून ते सरकवत असेन. मीच पाणी पीत असेन. हा विचार आला तेव्हा त्यांना फार बरं वाटलं, इतकं बरं वाटलं, की तोच खरा धरावा असं त्यांनी ठरवलं.

त्या दिवशी त्यांनी प्यादं उचलून उजेडात नेलं. खिडकीच्या फटीतून उन्हाची एक पट्टी येत होती. सगळ्या बायांच्या डोक्यावर त्यांनी पदर दाखवला होता आणि पदराखाली अंबाड्याचा फुगवटा. या एकीचा पदर मागं घसरला होता. खाली अंबाडा नव्हता. डोकं गुळगुळीत होतं, न्हाव्यानं वस्तरा फिरवल्यासारखं. आणि जिथं तोंड केलं नव्हतं, तिथं पदराचं टोक आत ओढलेलं दिसत होतं, कुणी दातात धरावं तसं.

त्यांनी ते पटावर ठेवलं. मागं नाही, होतं त्याच घरात.

५

अक्षय्य तृतीयेच्या चार दिवस आधी गोदाबाईंनी कुंभाराकडून नव्या घागरी आणल्या. पितरांच्या नावानं गार पाण्यानं भरायच्या, वर आंबा-खरबूज ठेवायचं. गेलेल्यांची उन्हाळ्यात तहान भागावी म्हणून. भगवंतरावांच्या आई-वडिलांच्या दोन लागत. त्यांनी तीन आणल्या होत्या.

"ही कोणाची?" भगवंतरावांनी विचारलं.

"रमेची."

"अगं, तिची घागर सासरी भरायची. लग्न झालं, गोत्र बदललं. आपला अधिकार पोचत नाही."

"तहान कोणत्या गोत्राची असते हो?"

"वामनराव तिचे सासरे आहेत. अकोल्यातले नावाजलेले वकील. ते कर्तव्याला चुकणार नाहीत. आणि आपण भरली आणि ती शास्त्राला धरून नसली, तर तिलाच बाधेल. कळतंय का तुला?"

"मला शास्त्र कळत नाही. मला ती कळते."

ते पोथ्या काढून बसले. एका पोथीत मुभा आहे असं वाटलं, दुसरीत नाही. विधवा मुलगी माहेरीच गेली तर काय, याचं स्पष्ट वचन कुठंच मिळेना. डोळे दुखायला लागले. शेवटी जिथं शंका आहे तिथं करू नये, असं म्हणून त्यांनी पोथ्या बांधल्या. मात्र खुशालराव सणालाच कामासाठी अकोल्यात असणार होता. त्यांनी त्याला निरोप देऊन ठेवला: वकिलांच्या घरी जा, रमेच्या नावाची घागर भरली का, तेवढं बघून ये.

सणाच्या दिवशी दोन घागरी भरल्या. तिसरी गोदाबाईंनी स्वयंपाकघरात पालथी घालून ठेवली. त्या जेवल्या नाहीत.

माजघरात प्यादं शेवटच्या रांगेच्या अलीकडं येऊन उभं होतं. काळी मोहरी कशी कोण जाणे दोन्ही बाजूंना सरकून मधे वाट झाली होती. त्यांना कोणी हात लावला नव्हता.

६

खुशालराव चार-आठ दिवसांनी आला. आल्या आल्या ओट्यावर पागोटं काढून ठेवलं.

"झाला का डाव, पंडितजी? साहेब वाट पाहून राहिला. म्या त्याले सांगतलं, असा डाव तुह्या रानीपाशीबी नसन."

"घागरीचं काय झालं?"

खुशालरावाचा चेहरा जरा उतरला. गोदाबाई दाराआड उभ्या आहेत हे त्याला दिसलं होतं. तो पागोट्याशी चाळा करत राहिला.

"गेलो होतो. वसरीवर बसवलं मले. आमरस होता, एक वाटी मलेबी देल्ली. घागर होती एक, वकिलाच्या बापाच्या नावाची. दुसरी एक त्यायच्या पोराच्या नावाची, तुमच्या जावयाची. पोरीच्या नावाची नोती."

"विचारलंस?"

"इचारलं ना. म्हनलं, बाईची कुठं हाय? तं म्हातारी म्हने, ते माहेरी मेली, त्यायनंच पाहावं." त्यानं पागोटं डोक्यावर चढवलं. "मले वाटलं सांगू नये. पन तुमी इचारलं."

ऊन ओट्याच्या कडेपर्यंत आलं होतं.

"उद्या गाडी निघते अकोल्याले," खुशालराव हळू आवाजात म्हणाला. "डाव पेटीत भरून ठेवसान का?"

"एक प्यादं ओलं आहे," भगवंतराव म्हणाले.

"मंग वाळन ना गाडीत. ऊन का कमी हाय?"

७

तो गेल्यावर ते माजघरात आले. पेटीत कापूस घालून एकेक मोहरं निजवायला लागले. पाटील, पेढीवाला, खुशालरावाच्या पोटाचा वजीर. पटावर शेवटी ते एकटंच राहिलं. सणाच्या दुसऱ्याच दिवशी शेवटच्या रांगेत पोचून पटाच्या काठावर थबकलेलं. समोर वीतभर अंतरावर तांब्या.

ते भिंतीला टेकून बसले. दुपार तापत गेली. बाहेर कबुतरांचं घुमणंही थांबलं. आता डोळा लावायचा नाही, त्यांनी ठरवलं, आणि मग मनात आलं, आपण बघत असलो की ती थांबते. दिवसभर तिनं मागितलं तेव्हाही आपण बघतच होतो.

त्यांनी तोंड भिंतीकडं केलं.

बराच वेळ काही झालं नाही. मग आवाज आला. घाईघाईनं, श्वास न घेता, घोटामागून घोट. मधे एकदा ठसका. ठसक्यानंतर धाप. ती धाप त्यांच्या ओळखीची होती. त्यांनी न राहवून मान वळवली.

तांब्याच्या काठावर पांढरं काहीतरी वाकलं होतं. पदराचं टोक पाण्यात होतं. आणि उन्हाच्या त्या एका पट्टीत तेवढेच खांदे दिसले. वर-खाली, वर-खाली, खूप दिवसांनी प्यायला मिळालेल्या माणसासारखे. ते वीतभरही नव्हते. पण त्या क्षणी ते केवढे होते, हे भगवंतरावांना पुढं कधीच सांगता आलं नसतं.

त्यांच्या तोंडून "रमे" निघालं असावं. तांब्या कलंडला. रिकामाच होता. प्यादं जमिनीवर आडवं पडलं होतं. पदराची कड विरघळून लगदा झाली होती.

आता त्यांना सगळं कळलं. ती कागदाची होती. पाणी दिलं तर ती जाईल. न दिलं तर राहील, अशीच, गार, ओली, तहानलेली, त्यांच्याजवळ. रोज दुपारी एक घर चालत. पेटीत न घालता ठेवून घेता येईल. खुशालरावाला दुसरं प्यादं करून देता येईल. या दोन्ही बाजू त्यांना अगदी लख्ख दिसल्या. आणि पहिल्यांदाच त्यांतली एक, पाणी द्यायची, खरी नसावी असं त्यांना वाटलं.

दारात गोदाबाई उभ्या होत्या. त्यांच्या हातात तिसरी घागर होती, काठोकाठ भरलेली. त्यांनी ती कधी भरली, किती वेळ तिथं उभ्या होत्या, कोण जाणे.

"द्या इकडं," त्या म्हणाल्या.

"ती जाईल गं."

"माहितेय मला."

"थोडं थोडं देऊ. पळीनं."

"पुरे झालं थोडं थोडं."

भगवंतरावांनी प्यादं दोन्ही हातांच्या ओंजळीत उचललं. मंत्र म्हणायचा का, कोणत्या गोत्राचा, हा प्रश्न मनात आला आणि तसाच गेला. त्यांनी ओंजळ घागरीत बुडवली. हातांना आधी वजन लागलं, मग लागेनासं झालं. घागरीतलं पाणी खाली उतरायला लागलं, डोळ्यांदेखत, तळापर्यंत. गोदाबाईंनी आडातून आणून ओतलं. तेही उतरलं. पुन्हा आणलं. त्यांच्या खेपा चालूच होत्या. भगवंतराव घागरीला मिठी मारून बसले होते आणि आतून येणारा आवाज ऐकत होते. तो हळूहळू सावकाश होत गेला. लहान मूल पोट भरत आल्यावर पितं, तसा.

मग पाणी उतरायचं थांबलं. त्यांनी हात घालून तळ चाचपला. लगद्याचा कणसुद्धा लागला नाही.

८

दुसऱ्या दिवशी खुशालराव पेटी घेऊन गेला. कमी पडलेल्या प्याद्याच्या जागी भगवंतरावांनी सकाळीच एक नवीन करून दिलं होतं. ते उन्हात ठेवल्या ठेवल्या वाळलं.

घागर माजघरात तशीच होती. गोदाबाईंनी ती सकाळी ताज्या पाण्यानं भरली, काठोकाठ, आणि वर काही झाकलं नाही. दोघं दुपारी तिच्यासमोर बसले. दारं-खिडक्या लावलेल्या. कान देऊन बसले. घरात नुसतं ऊन वाजत होतं.

दुसरी दुपारही तशीच गेली. आणि तिसरी.

एवढ्या दिवसांत भगवंतरावांच्या मनात पुन्हापुन्हा एकच येत होतं, आणि त्याची त्यांना लाज वाटत होती. थोडी तहान राहायला हवी होती. एवढीशी.

त्या दिवशी ऊन कललं तेव्हा गोदाबाई उठून घागरीपाशी गेल्या. वाकून आत बघितलं. बोट घालून बघितलं.

"अहो," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज कितीतरी महिन्यांनी असा आला होता. "इकडं या. दोन बोटं उतरलंय."

भगवंतराव आले, वाकले. खरंच उतरलं होतं. घागरीच्या बाहेरच्या अंगाला मातीतून पाझरून दव धरलं होतं, खाली जमीन ओलावली होती. नवी घागर, वैशाखाचं ऊन. नव्या मातीतून पाणी झिरपतं आणि हवा ते पिऊन टाकते. याला दुसरी बाजू नव्हती. इतकं निःशंक अनुमान त्यांना जन्मात कधी साधलं नव्हतं.

गोदाबाई त्यांच्या तोंडाकडं बघत होत्या.

"प्यायली ना?" त्यांनी विचारलं.

"हो," भगवंतराव म्हणाले. "थोडं प्यायली."